गावाचा संघ, गावाचं मैदान

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं एकदा मोठ्यानं वाचून पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल, दिलबहार, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यांत फुटबॉल हा शब्दच नाही, कारण हे संघ फुटबॉलसाठी जन्माला आलेले नाहीत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं, पेठेपेठेत तालमी घुमू लागल्या. त्याच तालमींतली पोरं पुढं फुटबॉलकडं वळली आणि आखाड्यातली ईर्षा मैदानात आली. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला, की पावसाळा तोंडावर येईपर्यंत शहराला दुसरा विषय नसतो. दिवसा नोकरीधंदा करणारा पोरगा संध्याकाळी पेठेच्या नावाची जर्सी चढवतो आणि त्याच्या मागं अख्खी पेठ गॅलरीत येऊन बसते, बायाबापड्यांसकट.

हे संघ इतकी वर्षं टिकले कसे, याचं मला फार कुतूहल आहे. चांगले खेळाडू मिळाले म्हणून, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. खेळाडू दहाबारा वर्षांत थकतो. तालीम मात्र तिथंच असते. गणपती तिचाच, शिवजयंती तिचीच, पेठेतल्या अडल्यानडल्याला धावून जाणंही तिचंच. तिच्याकडं स्वतःची जागा असते, कुलपाची किल्ली सांभाळणारा माणूस असतो, वर्गणी मागायला हक्काची दारं असतात. फुटबॉल संघ या जुन्या झाडावर फुटलेली फांदी आहे. अलीकडं तिथंही बाहेरचे खेळाडू, अगदी परदेशी खेळाडू पैसे मोजून आणले गेले, हुल्लडबाजीनं सामने थांबवण्याची वेळ आली. ही कीड वेळीच काढली पाहिजे. पण याच शहरातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हेही खरं आहे.

गोव्यात हेच काम चर्चच्या पटांगणानं केलं. १८८३ मध्ये शिवोली गावात फादर विल्यम लायन्स यांनी पोरांना फुटबॉल शिकवला, असं तिथं सांगतात. आजही तिथं गावागावांच्या स्पर्धा होतात.

आता आपल्या वाशीमकडं येऊ. आपल्याकडं काय कमी आहे? नवरात्रात गल्लीगल्लीत मंडळं उभी राहतात, वर्गणी जमते, पन्नास पोरं रात्ररात्र राबतात. दसरा झाला की मंडळ पुढच्या वर्षापर्यंत झोपी जातं. शाळांमध्येही तेच. सुब्रतो चषकाच्या जिल्हास्तरीय स्पर्धेचं पत्र आलं, की आठवडाभर आधी अकरा पोरं गोळा करायची, कुणाकडून तरी बूट मागून आणायचे, पहिल्या सामन्यात हरून परतायचं आणि चेंडू कपाटात टाकायचा. त्या पोरांचा दोष काय? वर्षभर ज्यांच्यासोबत खेळावं असा संघच त्यांना नाही.

आणि गरिबी आड येते, हे कारण तर मला कुणी सांगूच नये. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना चेंडू दिला आणि पुढं झोपडपट्टी फुटबॉलची चळवळच उभी केली. ‘झुंड’ सिनेमामुळं त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पण चित्रपटात दिसतो त्यापेक्षा खूप चिवट उद्योग आहे तो: रोज ठरल्या वेळी मैदानात हजर राहणं, पोरं आली नाहीत तर त्यांच्या घरी जाणं.

पूर्ण मापाच्या मैदानाला जवळपास पावणेदोन एकर लागतात. तेवढी जागा गावात निघणं अवघड, हे मान्य. पण पाच-पाच जणांच्या खेळाला चाळीस बाय वीस मीटर पुरतात, म्हणजे फक्त आठ गुंठे. ई-क्लासच्या जमिनीवर अतिक्रमणं होताना आपण रोज बघतो. मग पोरांसाठी आठ गुंठे रीतसर परवानगीनं राखायला हरकत कोणाची? दोन्ही टोकांना बांबूचे खांब रोवा. तूर निघाली की शेतातून मोकळी झालेली पोरं संध्याकाळी आपोआप येतील. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, नाहीतर त्या कडेलाच उभ्या राहतील.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. सरपंचांना आधी लेखी अर्ज द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. आणि तुमच्या नवरात्र मंडळाच्या वर्गणीतून जे उरेल त्यातून पहिला चेंडू घ्या.