शर्यत पोरीची, टायरही पोरीनंच बसवावं

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे या दहा दिवसांत आपल्याकडे मुलींच्या कार्यक्रमांना तोटा नसतो. भाषणं होतात, रांगोळ्या होतात, संगीत खुर्ची होते. कुठं कुठं मुलींची सायकल शर्यतही ठेवतात. मला ती फार आवडते. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट दर वेळी खटकते. कुणाचं टायर घासून गुळगुळीत झालेलं, कुणाच्या चाकात हवाच नाही, कुणाला अर्ध्या वाटेत काटा लागतो. मग ती पोरगी ओढणीनं तोंड पुसत, सायकल ढकलत परत येते आणि बघणारे म्हणतात, ‘दमली बिचारी!’ दमली कुठं? पंक्चर झालं होतं!

शर्यतीआधी पोरीचा ड्रेस इस्त्री होतो, नवे बूट येतात, सकाळी केळी-दूध मिळतं. टायरकडे मात्र कुणी बघत नाही. ते बाबांचं नाही तर भावाचं काम. त्यांना वेळ मिळाला तर होतं, नाही तर राहतं.

आता आमच्या धामणगाव बढेच्या आसपासचे रस्ते डोळ्यापुढं आणा. थोडं डांबर, मग उखडलेलं डांबर, मग मुरूम, आणि शेताकडे वळलं की काळ्या मातीची पांदण. मोताळा तालुक्यात काय, अख्ख्या जिल्ह्यात मुली रोज अशाच मिसळीच्या रस्त्यानं शाळेत जातात. जगात अशा रस्त्यांवर मोठमोठ्या शर्यती होतात बरं! फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही शर्यत १८९६ पासून चालू आहे, आणि तिच्यात मधे मधे दगड बसवलेले जुने खडबडीत रस्ते लागतात. बायकांना तिथं जागा मिळायला मात्र २०२१ साल उजाडावं लागलं. २ ऑक्टोबर २०२१ ला पहिली महिला शर्यत झाली, आणि इंग्लंडच्या लिझी डेगनन हिनं पावसाच्या चिखलात ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटीनं पुढं राहून ती जिंकली. अशा शर्यतीआधी खेळाडू आणि त्यांचे मेकॅनिक कशाचा सर्वात जास्त खल करतात, ठाऊक आहे? टायर किती रुंद घ्यायचं आणि हवा किती भरायची, याचा.

हवेचंच आधी सांगते, कारण त्याला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे समज असा की टायर दगडासारखं टणक झालं म्हणजे सायकल पळते. गुळगुळीत डांबरावर ते बऱ्याच अंशी खरं. पण खडीवर आणि मुरमावर टणक टायर प्रत्येक खड्याला उसळतं. पायानं लावलेला जोर पुढं जाण्याऐवजी सायकल आणि अंग हादरवण्यात वाया जातो. किंचित मऊ टायर खड्यावरून दबून जातं आणि पकडही धरतं. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी १८८८ साली हवेचं टायर केलं ते आपल्या लेकाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, त्या टायरवर विल्यम ह्यूम नावाच्या गड्यानं बेलफास्टला शर्यती जिंकल्या. बघणारे आधी त्या जाडजूड टायरला हसत होते म्हणे!

पण मऊ म्हणजे पिचकी नव्हे. हवा फार कमी असली की दगडावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडीची भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती असं समजा. मिसळीच्या रस्त्याला अंदाज असा : सायकलवर बसल्यावर मागचं टायर खाली जरासं फुगलेलं दिसावं, पण रिम जमिनीला टेकायला येऊ नये. आपलं वजन मागं जास्त पडतं म्हणून मागं हवा थोडी जास्त, पुढं थोडी कमी. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. आणि मोटारसायकल-ट्रॅक्टरच्या हवेच्या मशीनवर सायकल नेली तर डोळ्यात तेल घालून उभं राहा. सायकलची ट्यूब केवढीशी, दोन-चार सेकंदांत फुटते. आपला हातपंप बरा.

आता टायर घ्यायचं कुठलं? दुकानात जाऊन ‘२६ चं द्या’ म्हणून भागत नाही, कारण सव्वीस आणि सव्वीस सारखं नसतं! २६ × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर वेगळ्या रिमचं, आणि २६ × १.९५ असं दशांशात लिहिलेलं वेगळ्या रिमचं. जुन्या टायरच्या कडेवर ३७-५९० किंवा ५०-५५९ असे बारीक आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, नाही तर टायर बसणार नाही. तो चिठ्ठीवर लिहून न्यावा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग चिठ्ठीकडे, मग बरोबरचं टायर काढून देईल.

रुंदी थोडी वाढवता येते, पण ब्रेक आणि मडगार्डमधून चाक मोकळं फिरलं पाहिजे. आपल्या काळ्या मातीत ही गोष्ट फार महत्त्वाची. ओल्या पांदणीत माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डमध्ये कोंबली जाते आणि चाक जागीच गच्च होतं. तिथं टायरपेक्षा मडगार्डखालची मोकळी जागा जास्त कामाची. शर्यतीपुरतं मडगार्ड काढून ठेवलेलं उत्तम. मोठमोठ्या गुट्ट्यांचं टायर दिसायला दणकट असतं, पण डांबरावर ते घर्रघर्र करत ओढ देतं, आणि काळी माती त्याच्या गुट्ट्यांत सर्वात आधी भरते. जानेवारीत पांदण बहुधा वाळलेली असते. तेव्हा मधे जवळजवळ सपाट आणि कडांना बारीक दाणे असलेलं टायर घ्यावं, असं माझं मत.

एकच नवं टायर घेण्याइतके पैसे असतील तर? मागचं टायर लवकर झिजतं म्हणून दुकानदार नवं टायर मागं घालून देतो. तुम्ही सांगा, नवं पुढं घाला आणि पुढचं मागं. मागचं चाक घसरलं तर पोरगी बहुतेक वेळा सावरते, पुढचं घसरलं की तोंडावरच पडते.

राहिले काटे. वाळलेला सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वरच असतो, आणि बाभळीच्या काट्याबद्दल मी काय सांगावं! जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अस्तरासारखी घालायची आपली गावठी युक्ती शाळेच्या सायकलला छान आहे. चाक जड होतं म्हणून शर्यतीला मी ती काढायला सांगीन, पण वाट काट्याचीच असेल तर असू द्या. जड चाकानं का होईना, शर्यत पुरी तर होईल.

बसवायचं काम अवघड नाही. भाकरी थापणाऱ्या हाताला तर नाहीच. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक शिल्लक असेल तिथं कापूस अडकतो, बोट रक्ताळत नाही. रिमच्या आतली पट्टी आऱ्यांची टोकं झाकते ना, तेही बघा. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला हवा. टायरची एक कड रिमच्या आत घाला. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत ठेवा, आणि दुसरी कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं घालायला सुरुवात करून वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग जाम होतो, तेव्हा लगेच पट्टी किंवा चमचा खुपसू नका, ट्यूब चावली जाते. आधी बसलेला भाग दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट जागेत दाबत आणा. ढील मिळते आणि शेवटचा भाग अंगठ्यांनीच चढतो. मग वॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे खाली ट्यूब अडकली असेल तर सुटते. हवा भरल्यावर चाक फिरवून बघा. टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की झालं. हे शर्यतीच्या सकाळी करू नका. आठवडाभर आधी करा आणि दोन दिवस त्याच टायरवर शाळेत जाऊन या.

‘एवढं शिकून करायचं काय वं, चौकात दुकान आहे ना?’ असं आजी म्हणतील. दुकान चौकात आहे, काटा पांदणीत लागतो! पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली. तिच्या वाटेवर कुठला चौक होता?

शिवाय शर्यत वर्षातून एकदा, शाळा रोजची. मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. फार चांगली योजना. पण ते पैसे सायकल घेण्याचे. पुढं टायर झिजलं, ट्यूब फाटली की तो खर्च घरचा, आणि कापसाचा पैसा हाती येईपर्यंत तो लांबतो. तोवर सायकल भिंतीला टेकलेली आणि पोरगी घरी. आठवडाभराची शाळा एका ट्यूबपायी बुडते. कुणी विचारलं तर उत्तर मिळतं, ‘सायकल बिघडली.’

म्हणून शर्यत ठेवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना माझं मागणं आहे. बक्षिसाच्या ढालीतले थोडे पैसे वाचवा आणि एक चांगला पंप, दोन पाने, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्यूशन, ठिगळं आणि पाण्याला एक घमेलं घ्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी मुलींना बोलवा आणि ज्याची त्याची चाकं ज्याच्या त्याच्या हातून तपासून घ्या. एखादी बाई-मॅडम उभी राहिली तर फारच छान, गावातल्या पंक्चरवाल्या दादांनाही मानानं बोलवा. नियमातही लिहा, की वाटेत पंक्चर झालं तर मुलीनं स्वतः काढून शर्यत पुरी करायची, तिला बाद धरायचं नाही. शर्यत संपली की तो पंप शाळेतच ठेवा, पण कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात नको. मुलींच्या सायकली उभ्या राहतात त्या पडवीत, साखळीनं बांधून.