जाड कापडाचा भरवसा

जॉर्जेटसारख्या नाजूक वस्त्रावर यंत्राने भरतकाम करताना जो कारागीर प्रत्येक टाक्यावर डोळा ठेवून असतो, तोच डेनिमचे किंवा फ्लीसचे जाकीट समोर येताच निर्धास्त होतो. आणि जाड कामावरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ, आमच्या मते, याच भरवशात आहे.

चुण्या पडल्या की टेन्शनचा स्क्रू पिळावा आणि भरणी व किनार यांत फट दिसली की टाके दाट करावेत, हा आपल्या धंद्यातील रूढ दस्तूर. वस्तुतः प्रत्येक टाका आवळला जाताना आपली दोन टोके परस्परांकडे ओढतो आणि शेजारच्या टाक्यांना बाहेर रेटतो; म्हणूनच आडव्या टाक्यांनी भरलेले वर्तुळ रुंदीत आक्रसते व उंचीत वाढते. टाके दाट केल्याने ही ओढ वाढते, आणि जी बुजवावयाची तीच फट रुंदावते.

तेव्हा कसूर कोणाचा हे ठरविण्यापूर्वी फटीची जागा निरखावी. अशा वर्तुळाच्या डाव्या-उजव्या दोन्ही अंगांस फट असून वरखाली भरणी किनारीबाहेर आली असेल, तर पंचिंगमध्ये ओढीची भरपाई अपुरी आहे. स्थिर डेनिमला सुमारे ०.२ मिमी पुरते, लवचिक फ्लीसला ०.४ मिमीपर्यंत जावे लागते. परंतु फट एकाच अंगास असून समोरच्या अंगास किनार भरणीवर चढली असेल, तर कापड फ्रेममध्ये सरकले आहे. एवढी रुजवात केल्यावाचून पंचिंगवाल्यास बोल लावणे अन्यायाचे होय.

कापड सरकते, कारण जाड शिवणीवर रिंग नीट बसत नाही. आणि जुलमाने आवळावी, तर ताणलेल्या कापडावर भरत होते, रिंग सुटताच कापड मूळ मापावर येऊ पाहते, टाके त्यास येऊ देत नाहीत, आणि भरताच्या कडेने चुण्या उमटतात. याकरिता कट-अवे बॅकिंग तेवढे रिंगमध्ये ताणावे, कपडा त्यावर चिकट स्प्रेने न ओढता बसवावा, भोवती सैल धावदोऱ्याची चौकट घालावी आणि अंडरलेने कापड व बॅकिंग एकजीव झाल्यावरच भरणीस हात घालावा. लोंबणाऱ्या बाह्यांचे ओझे मेजावर पेलून धरावे. त्या ओझ्यानेही फ्रेम खेचली जाते. फ्लीसवर पाण्यात विरघळणारी फिल्म अंथरल्यास काठाचे टाके लवीत बुडत नाहीत.

या तजविजीस वेळ लागतो, आणि हजार टाक्यांवर ठरणाऱ्या दरात त्या वेळेस कवडीचीही जागा नसते. जाड मालाच्या दरात फ्रेम बसविण्याची मजुरी आणि त्याच कापडावरचा एक नमुना ही दोन कलमे कारखानदारांनी स्वतंत्रपणे लावावीत, आणि नमुना मंजूर झाल्याखेरीज यंत्र सुरू करू नये, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.