मटकी, कंदील आणि एक बग

गेल्या वीकेंडला भाची राहायला आली होती. सातवीत आहे. आल्या आल्या प्रश्न, "मामा, मटकी श्वास घेते का रे?"

"नाक नाही, तर श्वास कसला?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास, म्हणजे नुसता हवेचा पुरवठा. खरं श्वसन पेशीत चालतं. ऑक्सिजनच्या मदतीनं ग्लुकोज मोडायचं, ऊर्जा काढून घ्यायची, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकायचं. मटकीला नाक नसलं तरी पेशी आहेतच की!

मग काय, प्रयोग. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरची निवळी घेतली. एका बरणीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडलेली. दोन्हीत निवळीची एकेक वाटी आणि झाकण घट्ट. संध्याकाळपर्यंत पहिली वाटी दुधाळ, दुसरी जवळजवळ तशीच. भाची खूश होऊन घरी गेली.

सोमवारी रात्री ऑफिसातून येऊन बघतो तर दुसरी वाटीही दुधाळ! मेलेली मटकी श्वसन करायला लागली? झाकण उघडलं आणि वासानंच उत्तर दिलं. मटकी मेली होती, पण बरणीत जीवाणू मजेत जगत होते. बग कोडमध्ये नव्हताच, टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये होता.

आता माझा मुद्दा. शाळेत हे सगळं "निवळी दुधाळ होते" या एका वाक्यात संपतं. दोन गुण मिळाले, पुढचा धडा. पण हीच बरणी मोठी करून जमिनीत पुरली की तिचं पेव होतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. बंद पेवात धान्य, किडे, बुरशी सगळेच श्वसन करतात. ऑक्सिजन संपत जातो, किडे मरतात आणि माल टिकतो. पण तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. घाईनं उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही.

माझे आजोबा सांगायचे, पेव उघडलं की थांबायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आजोबांना लाव्हाझिए माहीत नव्हता. श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलनच, हे त्यानं १७८०च्या दशकात गिनीपिगवर प्रयोग करून मांडलं होतं. ज्योतीला लागतो तोच वायू माणसाला लागतो.

अर्थात आज नुसत्या कंदिलावर विसंबू नये. गटारात विषारी वायू असला तर ज्योत जळत राहूनही माणूस मरू शकतो आणि मिथेन असला तर ज्योतीनंच भडका उडेल. तिथे गॅस मीटरच हवा. पण मीटर का हवा, हे कळायला आधी बरणी कळायला हवी.

म्हणून माझ्या मते परीक्षेत व्याख्या विचारू नका. विचारा, "पेवात मित्र बेशुद्ध पडलाय. तुम्ही लगेच उतराल का? कारणासह लिहा." हे उत्तर ज्याला येतं, त्याला श्वसन समजलं. आणि कदाचित दोन जीवही वाचतील.

असो. आज डब्यात मटकीची उसळ आहे. त्या बरणीतली नाही, घाबरू नका!