वानराचा सवाल आणि भिक्खूची पायपीट

आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने परवा आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. "वकीलसाहेब, रात्र रात्र जागून तुम्ही चिनी सिरियल बघता म्हणे! तीही माकडाची! चळवळीच्या माणसाला हे शोभते काय?" आम्ही आरोप मान्य केला. पण आरोपीला बाजू मांडू द्यावी, एवढे तरी कायदा सांगतोच.

मालिकेचे नाव 'पश्चिमेची यात्रा'. सोळाव्या शतकातील शंभर अध्यायांच्या कादंबरीवर चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ती काढली आणि १९८६ साली दाखवायला सुरुवात केली. भाग पंचवीस. दिग्दर्शन यांग चिए या बाईंचे. चित्रीकरण १९८२ पासून सहा वर्षे चालले, तेही बहुतांशी एकाच कॅमेऱ्यावर. मध्येच पैसे संपले, नट बदलले, पण बाईंनी काम सोडले नाही. चीनमध्ये शाळेच्या उन्हाळी सुट्टीत ही मालिका पुन्हा पुन्हा लागत आली आणि पिढ्या तिच्यावर वाढल्या. आम्ही ती यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्स वाचत तीनदा पाहिली आहे.

आम्हाला ती का आवडते? सुन वुखोंग या वानरामुळे. लिऊ शियाओ लिंग तोंग या नटाने तो असा उभा केला आहे, की दुसरा वानर डोळ्यांपुढे येतच नाही. दगडातून जन्मलेला हा वानर. ना कुळ, ना गोत्र. स्वर्गाचा सम्राट त्याला बोलावून मोठ्या थाटाने पद देतो. पद कसले? घोड्यांच्या पागेची देखभाल! हे पद दरबारात सर्वांत खालचे आहे, असे कळताच वानर ते लाथाडतो आणि स्वतःच्या डोंगरावर झेंडा लावतो. झेंड्यावर पदवी लिहिलेली असते, 'स्वर्गाशी बरोबरी करणारा महाज्ञानी'. दरबार घाबरतो आणि ती पदवी देऊन टाकतो, पण अधिकार देत नाही. पुढे स्वर्गात मेजवानी होते. सगळ्यांना आमंत्रण, याला नाही!

वाचक हो, पद द्यायचे पण मान द्यायचा नाही, नाव द्यायचे पण पंगतीला घ्यायचे नाही, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला हवी काय? राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या सरपंचाला विचारा. वानराचा सवाल त्याला लगेच कळेल.

पण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला, तो आम्ही मालिकेलाही लावतो. आम्ही चाहते आहोत, भक्त नाही. म्हणून मालिकेची उलटतपासणीही आम्हीच घेणार.

पहिली हरकत. वानर स्वर्ग हलवून सोडतो, तेव्हा दरबाराच्या मदतीला कोण येतो? बुद्ध! आणि तो बंडखोराला पाचशे वर्षे डोंगराखाली गाडतो. हा कुठला बुद्ध? विषमतेवर बोट ठेवणारा, माणसासारखा माणूस असलेला आमचा बुद्ध राजदरबाराचा फौजदार कधीच नव्हता. दुसरी हरकत. डोंगरातून सुटका झाल्यावरही वानराच्या डोक्यावर सोन्याचे कडे बसते. गुरूने मंत्र म्हटला की ते आवळते. बंडखोराला उपयोगी करून घेण्याची ही युक्ती जगभर चालते.

शेवटच्या भागाला मात्र आम्ही टाळी देतो. चौदा वर्षे पायपीट करून गुरुशिष्य ग्रंथांच्या दारात पोचतात. तिथे आनंद आणि काश्यप ग्रंथ देण्याआधी भेटवस्तू मागतात! ती न मिळाल्याने कोरे कागद हाती पडतात. शेवटी भिक्खूला आपले भिक्षापात्र द्यावे लागते. कोर्टात साध्या नकलेसाठी हेलपाटे घातलेल्या प्रत्येक पक्षकाराने हा प्रसंग पाहावा. धर्माच्या नावाने बसलेल्या कारकुनांनाही लेखक सोडत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. मालिकेतला भिक्खू भोळा आहे, रडका आहे, वानरावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. खऱ्या ह्युएन त्संग यांच्याजवळ कोणताही वानर नव्हता. सातव्या शतकात बंदी मोडून ते चीनची सीमा ओलांडून निघाले. नालंदेत शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकले. आपल्या महाराष्ट्रातही ते आले. पुलकेशीच्या या राज्यात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन ते परतले आणि ६६४ साली मरेपर्यंत भाषांतर करीत राहिले. इथे विहार ओसाड पडले, ग्रंथ नाहीसे झाले. पण एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी बुद्धभूमीच्या खुणा शोधल्या, त्या याच प्रवासवर्णनाचा हात धरून. आपल्या इतिहासाचा साक्षीदार चीनमध्ये जपला गेला.

म्हणून मित्राला आमचे उत्तर असे. मालिका जरूर पाहा, मुलांना दाखवा. वानराकडून मानाचा सवाल घ्या. चमत्कार मात्र तिथेच सोडा. आणि पंचविसावा भाग संपला की ह्युएन त्संग यांचे प्रवासवर्णन हाती घ्या. आमच्या मित्राने काल पहिला भाग पाहिला. आज सकाळी त्याचा फोन आला, "पुढचा कुठे मिळेल?"

जयभीम!