बायोडिझेलचे मिश्रण : आधी हिशेब, मग टाकी

हिंगणा तालुक्यात सोयाबीनची पेरणी व मळणी आज बहुतांशी डिझेलच्या यंत्रांवर होते. म्हणून डिझेलमध्ये वनस्पतिजन्य इंधन, म्हणजेच बायोडिझेल, मिसळल्यास इंजिन कसे चालेल, हा प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दावरून न घेता हिशेबाने काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, हे खरे. परंतु घाण्यावरचे करंजतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. कच्चे तेल फार दाट असते. त्याने नोझलवर काजळी धरते आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. तेलावर मेथॅनॉलची क्रिया घडवून ग्लिसरीन वेगळे काढले, म्हणजेच ते इंजिनास योग्य होते.

आता हिशेब पाहू. एक लिटर बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के उष्णता कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ही तूट दीड ते दोन टक्के येते. जे काम १०० लिटर डिझेलमध्ये होते, त्यास या मिश्रणाचे सुमारे १०२ लिटर लागतील. इंधन कमी लागून शक्ती वाढेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

धुराचेही तसेच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये जड वाहनांच्या इंजिनांविषयी केलेल्या अंदाजानुसार, २० टक्के मिश्रणाने धुरातील कण सुमारे १० टक्के व कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्के वाढतात. आपल्या लहान इंजिनास हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. त्यांवरून केवळ दिशा कळते.

२०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात ठेवले आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडल्यास वाफसा निघून जातो, आणि ते नुकसान शेतकऱ्यालाच सोसावे लागते. यास्तव इंजिनाच्या पुस्तिकेत किती मिश्रणास परवानगी आहे, हे प्रथम पाहावे. भारतीय मानकाप्रमाणे तपासलेलेच इंधन घ्यावे. पहिला प्रयोग हंगामाबाहेर करावा, आणि फिल्टरवर लक्ष ठेवावे. कारण बायोडिझेलने टाकीतील जुना गाळ सुटतो. तास आणि लिटर यांची नोंद वहीत ठेवावी. अशी एका हंगामाची वही शेतकऱ्यास कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.