तीस वॅट की बावीस?

आपल्या महाविद्यालयाच्या वाद्यवृंदासाठी गिटारचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यावयाचा, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. दुमत आहे ते कोणता घ्यावा याबद्दल. एक पक्ष इंग्लंडच्या ‘व्हॉक्स एसी-३०’चा, दुसरा अमेरिकेच्या ‘फेंडर डिलक्स रिव्हर्ब’चा. दोन्ही ‘कॉम्बो’, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. दोन्ही नामवंत घराण्यांतले. पण पैसा वर्गणीचा आहे, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी दिलेला. तेव्हा निवड नावाच्या दबदब्यावर न होता हिशेबाने व्हावी, असे मला वाटते. माझे मत डिलक्सच्या बाजूने आहे. त्याची कारणे मांडतो.

मुळात एसी-३० कशासाठी निघाला, हे पाहू. व्हॉक्सचा १५ वॅटचा एसी-१५ १९५८ पासून बाजारात होता. परंतु श्रोत्यांच्या गोंगाटात ‘द शॅडोज’सारख्या वाद्यवृंदांना तो पुरेना, म्हणून डिक डेनी या तंत्रज्ञाने १९५९ च्या सुमारास दुप्पट शक्तीचा एसी-३० तयार केला. त्या काळी सभागृहातील ध्वनिक्षेपक गायकाच्या आवाजापुरता असे. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे काम ॲम्प्लिफायरलाच करावे लागे. पुढे ‘बीटल्स’ना एसी-३० देखील अपुरा पडला. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये ते १०० वॅटचे व्हॉक्स घेऊन उभे राहिले, तरी सुमारे ५५,००० प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते.

आज ही अडचण आपल्यापुढे नाही. स्नेहसंमेलनाला साऊंड सिस्टिम भाड्याने येतेच. पेटीसमोर एक माइक ठेवला की लहान ॲम्प्लिफायरचा स्वरही मैदानभर जातो. जी गरज भागवण्यासाठी तीस वॅट जन्माला आले, ती गरज आता दुसरेच यंत्र भागवते. मग तिच्यासाठी पुन्हा पैसे का मोजायचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला २२ पेक्षा ३० हा आकडा छत्तीस टक्क्यांनी मोठा दिसतो. कानाचा हिशेब मात्र निराळा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायचा तर जवळजवळ दहापट शक्ती लागते. बावीस आणि तीस यांतला फरक दीड डेसिबलही भरत नाही. एसी-३० मोठा वाटतो तो बराचसा बारा इंची दोन स्पीकरांमुळे. डिलक्सला तसा एकच असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हॉल्व्हची खरी गोडी पेटी बऱ्यापैकी उघडल्यावर येते. शक्ती संपत आली की स्वर एकदम फाटत नाही. तो हळूहळू जाड, गोलसर होत जातो. आपल्या सरावाच्या खोलीत एसी-३० तितका उघडला, तर शेजारच्या वर्गात तास चालणार नाही. म्हणजे ज्या गुणासाठी तो घ्यायचा, तो गुण वर्षातले बहुतेक दिवस कुलपात राहणार. बावीस वॅटही बंद खोलीत थोडे नव्हेत, पण ते लवकर रंगात येतात.

आता चालू खर्च. डिलक्समध्ये ६व्ही६ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह, तर एसी-३० मध्ये ईएल८४ जातीचे चार. शिवाय एसी-३० मध्ये ते फार तापतात आणि लवकर झिजतात. वजन एकाचे सुमारे १९ किलो, दुसऱ्याचे सुमारे ३२. जिना चढून पेटी नेणारे हात आपलेच आहेत, हे एसी-३० च्या पक्षाने विसरू नये.

विरुद्ध बाजूचेही खरे ते मान्य केले पाहिजे. एसी-३० चा घंटेसारखा किणकिणता स्वर डिलक्समधून निघत नाही. ‘क्वीन’चा ब्रायन मे आयुष्यभर त्याला धरून राहिला, तो उगाच नव्हे. डिलक्सचे पॉवर व्हॉल्व्ह बदलले की जाणकाराकडून बायस जुळवून घ्यावा लागतो. एसी-३० ला ती कटकट नाही. परंतु आपला वाद्यवृंद वाजवतो ते भावगीत, मराठीतले आणि कन्नडमधलेही. त्याला स्वच्छ स्वर आणि मागे किंचित घुमारा हवा, आणि स्प्रिंगचा तो घुमारा डिलक्समध्ये १९६३ पासून अंगचाच आहे. मूळच्या एसी-३० मध्ये तो नव्हता. अलीकडच्या काही नमुन्यांत तो आला आहे.

काहीही घेतले तरी पेटीमागची पट्टी वाचूनच पैसे मोजावेत. अमेरिकेसाठी केलेला १२० व्होल्टचा नमुना आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला, तर वर्गणीचा धूर व्हायला क्षणही लागणार नाही. आणि व्हॉल्व्हचा एक जादा संच पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन ठेवावा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मराठीत म्हणतो. आमचे कन्नड मित्र म्हणतात, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. अर्थ एकच. येत्या सभेत हात वर करताना दोन्ही बाजूंच्या मित्रांनी आपले अंथरूण, म्हणजे ती सरावाची खोली, एकदा डोळ्यांपुढे आणावी, एवढीच विनंती.