चक्र फिरते आहे, पण पुढे काय?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातील गोष्टींवर लिहावे, हे काही जणांना आगाऊपणाचे वाटेल. पण परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सातबारा, मांडव्याच्या बोटीचे तिकीट, सारे आता मोबाइलच्या पडद्यावरून होते. तेव्हा पडद्यावर गरगर फिरणाऱ्या त्या चक्राविषयी बोलण्याचा अधिकार आम्हालाही आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. परीक्षा-अर्जाचा शेवटचा दिवस. मुरूडजवळच्या आमच्या गावात मोबाइलची रेंज भरती-ओहोटीसारखी येते नि जाते. फरक इतकाच की भरतीची वेळ पंचांग पाहून सांगता येते. शुल्क भरण्याचे बटण दाबले, चक्र फिरू लागले. दहा मिनिटे झाली. वडिलांच्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, अर्ज मात्र ‘अपूर्ण’च. घाबरून पुन्हा बटण दाबले. पैसे पुन्हा गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतील बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. उरल्यासुरल्या सुपारीतून जमवलेले ते पैसे. वडील एवढेच म्हणाले, “पैसे गेले ते कळलं. अर्ज कुठं गेला, ते कोण सांगणार?” महिन्याभराने एक रक्कम परत आली. असो.

पुण्यात प्रोग्रॅम लिहिणारा माझा मामेभाऊ म्हणतो, “तुमच्याकडचं नेटवर्कच वाईट, त्याला आम्ही काय करणार?” हे मला मुळीच मान्य नाही. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत आणि भरतीला होडीने जातात. कोणी समुद्राला दोष देत बसत नाही.

पान न बदलता मागच्या मागे माहिती मागवण्याच्या पद्धतीला २००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. विचारणा वाटेत असते आणि पडदा इकडे जिवंत राहतो. मग ‘आत्ता नेमकी स्थिती काय’ याची नोंद ठेवणे आले. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’ तयार केले. त्याची कल्पना आपल्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखी आहे: वही एकच, आणि नोंद ठरल्या नियमानेच. वही लिहिणाऱ्याने धक्क्यावर बोटीची वाट पाहत बसायचे नाही. ते काम दुसऱ्याचे. वहीत फक्त ‘विचारणा गेली’, ‘उत्तर आले’ किंवा ‘उत्तर आले नाही’ असे लिहायचे. पुष्कळ जण ही तिसरी नोंद लिहीतच नाहीत. म्हणून चक्र अनंतकाळ फिरते!

दुसरी गंमत पाहा. यादीत आधी मुरूड तालुका निवडला, लगेच बदलून श्रीवर्धन केला. मुरूडचे उत्तर उशिरा आले, तर श्रीवर्धनच्या नावाखाली मुरूडची गावे! उपाय साधा आहे. प्रत्येक विचारणेला क्रमांक द्यावा आणि जुन्या क्रमांकाचे उत्तर टाकून द्यावे.

पण खरी मेख पैशांत आहे. ‘उत्तर आले नाही’ म्हणजे ‘काम झाले नाही’ असे नव्हे. आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते. आजीला मनिऑर्डर करीत. तिच्या सहीची पोचपावती पावसाळ्यात कधी कधी फार उशिरा हाती पडे. म्हणून त्यांनी दुसरी मनिऑर्डर कधी केली नाही, ‘पोचले का?’ असे विचारणारे एक कार्ड टाकले. प्रोग्रॅमनेही हेच करावे. अर्जाला पहिल्या बटणाआधीच एक क्रमांक द्यावा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली मागणी तीच आहे हे पलीकडच्या संगणकाला ओळखता येईल आणि तो पुन्हा पैसे कापणार नाही. आणि पडद्यावर शुद्ध मराठीत लिहावे: “पैसे पोचले की नाही, हे अजून कळलेले नाही. पुन्हा भरू नका, आम्ही चौकशी करीत आहोत.” आमच्या वाट्याला आले ते ‘काहीतरी चुकले’. कोणाचे?

मामेभावाला हे सारे ठाऊक होते. त्यांच्या कचेरीत नेट कधी जातच नाही, त्यामुळे तपासायचे राहून जाते, अशी त्याची कबुली. यंदा आषाढात त्याला मी घरी बोलावले आहे. ओटीवर बसून, पाऊस लागलेला असताना, त्याने स्वतः लिहिलेला एक अर्ज स्वतःच्या खिशातून शुल्क भरून पाठवायचा, असे ठरले आहे.